पट्टीवर कुणाचं नाव

पावसाळा संपत आला होता. मी अण्णांकडे, सोलापूरला साखर पेठेतल्या घरी, गवार मोडत बसले होते आणि सराफ बाजारातल्या कारागिराचा फोन आला. अण्णांना फोनवरचं नीट ऐकू येत नाही, म्हणून सगळीकडे माझाच नंबर देऊन ठेवलाय त्यांनी. "ताई, चांदीची पट्टी तयार हाय. नाव तेवढं राहिलंय. दादांचंच टाकायचं ना?" मी म्हटलं, अण्णांना विचारून सांगते. फोन ठेवला, गवार पुन्हा पुढ्यात ओढली. आईने आतून विचारलं, कुणाचा गं? म्हटलं, कुणाचा नाही. खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. पण त्या भल्या माणसाने प्रश्न विचारता विचारताच उत्तर देऊन टाकलं होतं, मला नुसतं हो म्हणायचं होतं, आणि ते काही केल्या तोंडातून निघेना.

पट्टी बसवायची होती रिव्हॉल्व्हरच्या मुठीवर. तात्यांचं रिव्हॉल्व्हर. तात्या म्हणजे आमचे आजोबा. त्यांचा चादरींचा लहानसा कारखाना होता; पुढं माग, मागं रंगाचे हौद, आणि वर जकार्डच्या, म्हणजे नक्षी विणायच्या भोकं पाडलेल्या पत्त्यांची ती लांबलचक माळ, खटखट करत फिरणारी. माल गुलबर्गा-हैदराबादकडे जायचा आणि उधारी वसूल करायला तात्या स्वतः जायचे. येताना पैसे धोतराच्या आत कमरेला आणि कोटाच्या आत हे रिव्हॉल्व्हर. बत्तीस बोअरचं, वेब्ली अँड स्कॉट, बर्मिंगहॅमचं. नळी बोटाएवढी आखूड. डाव्या अंगाची कळ अंगठ्याने दाबली की ते मधून मोडतं, नळी खाली झुकते आणि सिलिंडरच्या मधोमध एक चांदणी वर उचलली जाते, रिकामी काडतुसं एकदम बाहेर फेकायला. लहानपणी आम्हाला तेवढंच बघायला मिळायचं. ती चांदणी वर यायची, टक्क करून परत खाली बसायची, आणि तात्या म्हणायचे, झालं, पळा आता.

घरात एक गोष्ट सांगितली जायची. होटगीच्या अलीकडे गाडी सिग्नलला थांबलेली, दोघं जण डब्यात शिरले, तात्यांनी खिडकीबाहेर एक गोळी झाडली आणि दोघं उड्या टाकून पळाले. काका सांगायचे तेव्हा दोघांचे चौघं व्हायचे. आत्याच्या सांगण्यात त्यांच्याकडे कुऱ्हाडीही असायच्या. आजी मात्र ही गोष्ट चालू झाली की उठून स्वयंपाकघरात जायची. ती असती तर तिला खोदून विचारलं असतं.

तात्यांनंतर परवाना अण्णांच्या नावावर झाला. अण्णांनी ते कधी कोटात घातलं नाही. कोट घालायचे दिवसही राहिले नव्हते. कारखाना बंद पडला, माग भंगारात गेले, अण्णा आयुष्यभर दुसऱ्याच्या यार्नच्या पेढीवर हिशेब लिहीत राहिले. रिव्हॉल्व्हर कपाटात. वर्षातून एकदा खंडेनवमीला बाहेर यायचं. पाटावर लाल कापड, त्यावर तात्यांच्या मागाचा एक धोटा, आडवा धागा इकडून तिकडे नेणारा, शिलाईची कात्री, आईचा विळा आणि हे. अण्णा आधी सगळ्यांसमोर ते मोडून दाखवायचे, घरं रिकामी आहेत हे प्रत्येकाने बघायचं, अगदी शेजारच्या पोरांनीसुद्धा. मग पूजा. हळदकुंकू मात्र खालच्या कापडाला, लोखंडाला नाही. ओल्या कुंकवाने गंज धरतो. एका वर्षी पाहुण्या आलेल्या मामींनी भक्तिभावाने थेट नळीला बोट लावलं, तर अण्णांनी आरती अर्धी टाकून तेलाचा बोळा आणला.

आता अण्णांची सत्तरी उलटली. आणि मध्येच केव्हातरी त्यांच्या डोक्यात आलं की हे असंच, कोपरा उडालेल्या मुठीचं, पुढच्या पिढीच्या हातात द्यायचं नाही. चांगलं करून द्यायचं. याचं मूळ अर्थातच मोबाइलमध्ये. दादाने पुण्याहून त्यांना कुठलेतरी अमेरिकेतले व्हिडिओ पाठवले होते. तिकडे हा एक मोठा थाटाचा उद्योग आहे. १८७३ साली निघालेलं कोल्टचं ते जुनं सिंगल ॲक्शन घ्यायचं, कुशल माणसाकडून आतले भाग घासून-जुळवून घ्यायचे, बाहेरून वेलबुट्टी कोरून घ्यायची, मुठीला अक्रोडाचं लाकूड, आणि नातवाच्या नावाची अक्षरं. कोल्टसाठी एकोणिसाव्या शतकात कोरीवकाम करणारा गुस्ताव यंग नावाचा जर्मन कारागीर होता, त्याच्या हातच्या पानाफुलांची तिथले लोक अजून नक्कल करतात, हे मला अण्णांकडूनच कळलं. तिकडच्या बऱ्याच राज्यांत बापाचं शस्त्र मुलाकडे जाताना कुठल्या कचेरीची पायरी चढावी लागत नाही. अण्णांना त्यातला हा भाग ऐकायचाच नव्हता. त्यांनी वेलबुट्टी तेवढी पाहिली.

मी त्यांच्याबरोबर दुकानात गेले ती केवळ रिक्षातून एकटे कसे जातील म्हणून. शस्त्रं विकायचा-दुरुस्तीचा परवाना असलेलं जुनं दुकान. तिथल्या मिस्त्रींनी रिव्हॉल्व्हर हातात घेतलं, मोडलं, नळीतून उजेडाकडे पाहिलं, मग चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ नुसतं बाहेरून बघत राहिले. मला वाटलं किंमत करतायत. पण ते वाचत होते. "हे फिरलंय लई, उडालंय कमी," म्हणाले. कसं काय, तर नळीच्या टोकाशी निळा रंग उडून खालचं पांढरं लोखंड दिसत होतं, आणि सिलिंडरच्या कडांवरही. हे चामड्याच्या म्यानात रोज आत-बाहेर करून होतं. उलट सिलिंडरभोवती जी एक बारीक गोल रेघ पडते, ते फिरून फिरून अडकण्याची, ती इथे अगदी पुसट. नळीच्या मागच्या तोंडाशीही झिजल्याची खूण नव्हती. मी अण्णांकडे पाहिलं. होटगीची एक गोळी काही खूण ठेवत नाही, तेव्हा गोष्ट खोटी ठरली असं नाही. पण अण्णांचा चेहरा जरासा उतरला, आणि मला मात्र, का कोण जाणे, तात्या एकदम फार आवडले. इतकी वर्षं ते जड लोखंड छातीशी वागवत रात्रीच्या गाडीने जाणारा, आणि ते बाहेर काढायची वेळ येऊ नये म्हणून देवाचं नाव घेणारा माणूस.

अण्णांना पहिल्यांदा हवा होता नवा निळा रंग. मिस्त्री नाही म्हणाले, आणि कारण ऐकल्यावर मला ते पटलं. नवं पाणी द्यायचं तर आधी लोखंड चाकावर घासून आरशासारखं करावं लागतं. त्या घासण्यात धारदार कडा गोल होतात आणि अक्षरं बुजतात. या नळीवर आणि सिलिंडरवर बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचे मुकुटाचे बारीक ठसे आहेत. १८१३ पासूनची ती संस्था. मुद्दाम जादा दारूचा बार उडवून बघायचा, शस्त्र टिकलं तरच ठसा. ते ठसे गेले की ते नुसतं जुनं लोखंड. आणि नंबर बुजला तर काय, हे मिस्त्रींनी अण्णांच्या वयाचा मान ठेवून सांगितलं. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्रावरचं नाव, नंबर, खूण पुसणं किंवा बदलणं हा सरळ गुन्हा आहे. "काका, परवान्यावर जो नंबर हाय तोच लोखंडावर दिसला पायजे. तुम्ही सजवालाव, पण साहेबाला वाचता आलं पायजे की." अण्णा म्हणाले, मग हस्तिदंताची मूठ? मिस्त्री हसले. हस्तिदंत, सांबरशिंग, ते सगळं आता वन्यजीव कायद्याखाली बंद.

राहिलं लाकूड. मूळची मूठ काळ्या व्हल्कनाइटची, म्हणजे कडक केलेल्या रबराची. जुनी झाली की ठिसूळ होते, तशी होऊन डावीकडचा खालचा कोपरा उडालेला. अण्णांनी पिशवीतून धोटा काढला. पाटावर पुजतात तोच. यातून मूठ करा म्हणाले. मी चमकले, हे त्यांनी घरी कुणाला सांगितलं नव्हतं. मिस्त्रींनी धोटा तळहातावर तोलला, लाकडाचं कौतुक केलं, घट्ट आहे, दाणा बारीक आहे, आणि परत दिला. धोट्याच्या पोटात कांडी बसायला पोकळी असते. दोन्ही बाजूंच्या भिंती जेमतेम पेन्सिलीएवढ्या जाड, टोकं निमुळती आणि त्यांना लोखंडी टोप्या. मुठीला दोन फाका लागतात, आणि त्याही एकाच फळीच्या लागून कापलेल्या, म्हणजे दोन्हीकडे रेषा समोरासमोर येतात. धोट्यात तेवढं लाकूडच नाही. तो ज्या कामासाठी केला होता, त्यासाठीच पोकळ केला होता.

शेवटी माळ्यावर मागाचा एक शिसवी तुकडा सापडला. कुठल्या भागाचा ते अण्णांनाही नक्की सांगता येईना. इतकी वर्षं माळ्यावर सोलापूरचे उन्हाळे खाल्लेलं लाकूड, त्यामुळे आता आणखी आकसायची भीती नाही, हा मिस्त्रींचा हिशेब. कापल्यावर आतून निघालेला रंग मी अजून विसरले नाही, गडद, जांभळ्याकडे झुकणारा, त्यात काळ्या रेघा. त्यावर जवसाचं तेल. आईला कळलं तर ती म्हणाली घाण्यावरचं आहे घरात, चटणीसाठी आणलेलं. पण ते चालत नाही, ते महिनोन्‌महिने चिकट राहतं. रंगाच्या दुकानात उकळलेलं मिळतं ते हवं. पातळ हात द्यायचा, तळव्याने घासून गरम करायचं, सुकू द्यायचं, परत. मिस्त्रींच्या दुकानात त्या दिवसांत रोगणाचा असा काही वास भरला होता की बंदुकांचं दुकान आहे हे विसरायला व्हायचं.

मग चांदी. कोरीवकाम लोखंडावर नकोच हे ठरलं होतं, तरी सराफ बाजारातल्या कारागिराने हौस म्हणून आधी एका भंगार तुकड्यावर हात चालवून पाहिला. चांदीच्या सवयीची कोरणी, पहिल्याच रेघेला टोक गेलं. तेव्हा मुठीत चांदीची लांबट पट्टी जडवायची आणि तिच्यावर नक्षी. हा सगळा कारभार दुकानात बसूनच. कारागिराकडे शस्त्र ठेवायचा परवाना नाही, तेव्हा रिव्हॉल्व्हर त्याच्याकडे जाणार नाही, माप घ्यायला तो येणार. नक्षी कुठली, तर अण्णांनी तात्यांच्या एका चादरीचा काठ दाखवला, मोर आणि वेल. कारागिराने कागदावर सुरेख मोर काढला, मान वळवलेला, पिसारा कसा गोल. अण्णा म्हणाले, हा आमचा मोर नव्हे. जकार्डवर गोलाई नसते. आलेखाच्या कागदावर चौकटी भरत न्यायच्या, एक चौकट म्हणजे काही ताणे, त्यामुळे मोराची मान पायऱ्या पायऱ्यांनी चढते. लांबून गोल दिसते, जवळून जिना. "पायऱ्या दिसल्या पाहिजेत," अण्णांनी धरून ठेवलं. तो बिचारा म्हणाला, काका, लोक म्हणतील याला काढता येत नाही. तरी काढल्या त्याने. भिंगाखाली पट्टी धरून एकेक पायरी, कोरणी काटकोनात थांबवत, चांदीचा केसाएवढा कीस फुंकरत. गोल रेघ एका दमात जाते; ही दर पायरीला थांबते. हे सांगताना त्याच्या आवाजात तक्रार होती, पण पट्टी मात्र तो येईल त्याला दाखवत होता.

आणि मोराच्या खाली नावाला जागा सोडली होती.

मी ती गोष्ट लगेच अण्णांकडे काढली नाही. आधी स्वतःशीच भांडले. मला रिव्हॉल्व्हर नको आहे. कधीच नको होतं. घरात शस्त्र आहे ही भावना मला आवडत नाही. माझी मुलं लहान असताना अण्णांकडे ठेवून जायचे तेव्हा कपाटाची किल्ली कुठे आहे हे मी आधी विचारून घ्यायचे. सुंदर मूठ केली तरी ते काय करण्यासाठी आहे ते काही बदलत नाही. उलट त्या जांभळ्या लाकडावरून हात फिरवावासा वाटतो, याचीच मला जराशी लाज वाटत होती. मग नको असलेल्या वस्तूवर दादाचं नाव पडतंय तर माझं काय जातं? पण जात होतं. शेताच्या वाटणीत सही करताना गेलं नव्हतं इतकं. दादाला ते हवंय का हे तरी कुणी विचारलं होतं? त्यालाही विचारलं नव्हतंच. पण त्याला न विचारता त्याचं झालं होतं, आणि मला न विचारता माझं नव्हतं झालं. नको म्हणायची संधी तरी मिळायला हवी होती, एवढंच माझं म्हणणं. हे लिहून वाचलं की हट्टी वाटतं. असेल.

सोन्याचं बरं असतं. पाटल्या आईने काढून दिल्या की झाल्या आपल्या. हे असं की जे दर पिढीला सरकारकडे नव्याने मागून घ्यावं लागतं. ज्या गावात १९३० साली मार्शल लॉ लागला आणि ज्या गावच्या चार जणांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात फासावर चढवलं, त्या सोलापुरात तात्यांची पिढी वाढली. बंदूक सरकारची आणि छाती आपली, हीच त्यांची लहानपणची समजूत. त्यामुळे पुढे कलेक्टर कचेरीतून परवान्याचं पुस्तक मिळालं, तेव्हा त्यांना रिव्हॉल्व्हरपेक्षा त्या पुस्तकाचं अप्रूप जास्त होतं म्हणतात. ते पुस्तक अजून आहे, नूतनीकरणाच्या शिक्क्यांनी भरलेलं. आता शहरापुरतं हे काम पोलीस आयुक्तालयात चालतं. आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली की बोलावणं येतं, शस्त्र जमा करा. २०२४ साली लोकसभा आणि विधानसभा, वर्षात दोनदा अण्णा पिशवी घेऊन ठाण्यात गेले आणि पावती घेऊन आले. निकाल लागल्यावर परत आणायला जाताना इस्त्रीचा शर्ट घालतात. मी एकदा थट्टेत म्हटलं, सासरहून मुलगी आणायला निघालात काय? तर म्हणाले, तुला आणायला बसनेच आलो होतो, साध्या शर्टात.

२०१६ चे नियम मी स्वतः वाचून काढले, त्या फोननंतर. परवानाधारक सत्तरीचा झाला किंवा शस्त्र त्याच्याकडे पंचवीस वर्षं राहिलं, यातलं जे आधी घडेल तेव्हा तो हयातीतच आपल्या वारसाच्या नावाने परवाना मागू शकतो. अण्णा दोन्हीत बसतात. वारसांत मुलगाही आहे, मुलगीही आहे. बाकीच्या वारसांची संमती लागते, शस्त्र हाताळण्याचं रीतसर प्रशिक्षण लागतं, डॉक्टरांचा दाखला लागतो. कायद्याला मुलगी दिसते, आमच्या कारागिराला दिसत नाही, असं एक वाक्य मी मनात तयार करून ठेवलं होतं अण्णांना ऐकवायला. ऐकवलं नाही. कारागिराचा काय दोष, त्याला जे सांगितलं तेच तो बोलला.

रविवारी जेवणं झाल्यावर सरळ विचारलं. "अण्णा, पट्टीवर दादाचं नाव टाकायला सांगितलंत?" ते सुपारी कातरत होते. "सांगितलं नाही. ते धरूनच चाललोय." "मला विचारलं नाहीत." त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "तुला हवंय?" "नको." "मग?" या "मग"ला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि आईने भांडी आवरता आवरता ते दिलं. "तिला नको हे तुम्हाला आज कळलं ना? तेच." बऱ्याच वेळाने अण्णा म्हणाले, दादाला फोन लाव.

दादा स्पष्ट म्हणाला. फ्लॅटमध्ये ठेवणार नाही, घरात दोन पोरं आहेत, तुमची सून तर दारातून आत येऊ देणार नाही. व्हिडिओ पाठवले ते अण्णांना बघायला मजा वाटेल म्हणून. विकून टाका, नाहीतर दुकानात जमा करा. विकायचं म्हटल्यावर अण्णा उठून गच्चीवर गेले. मी फोन हातात धरून बसले होते, पलीकडून दादा हॅलो हॅलो करत होता, आणि मी काय बोलणार आहे हे मलाही बोलून होईपर्यंत माहीत नव्हतं. म्हटलं, माझ्या नावाने अर्ज करू. का म्हटलं याची दोन-तीन कारणं मी नंतर जमवली, त्यातलं एकही पुरं नाही. माझ्यानंतर पुढे काय, हा प्रश्न आहेच. माझ्या लेकीने तर आताच सांगून टाकलंय की ती पहिल्या दिवशी सरकारजमा करील. करू दे. तिला मी विचारलं तरी आहे.

पट्टीवर अण्णांनी शेवटी तात्यांचं नाव घालायला लावलं. जित्या माणसाचं नाव शस्त्रावर नको म्हणाले, हा नियम त्यांनी त्या दिवशीच काढला असावा. माझी हरकत नव्हती. कारागीर मात्र नाराज झाला, नाव लांब निघालं आणि मोराच्या एका पायाची पायरी खरवडून जागा करावी लागली.

दादाची संमती स्टॅम्पपेपरवर हवी, तो संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेसाठी पोरांना घेऊन येतोय. काल फोनवर विचारत होता, तुला चालवता तरी येतं का? म्हटलं शिकवतात, दाखला देतात, फॉर्मवर तसं छापलंय. पोरांना नंदीध्वज दाखव, आकाशपाळण्यात बसव, काय करायचंय ते कर. आधी सही कर.